पिवळी पट्टी

(रुग्णालयातलं औषधांचं काउंटर. खिडकीबाहेर रांग.)

वहिनी : चहा नंतर, भाऊजी. आधी हे बघा. हातात माळीकाकांच्या गोळ्या, कॉम्प्युटरच्या यादीत पिवळी पट्टी माळीकाकांवर. मी एंटर दाबला आणि चिठ्ठी छापून आली कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईंच्या नावाची.

दीर : बोट घसरलं असेल.

वहिनी : घसरायला तो काय साबण आहे? माझं मनगट दुखतं म्हणून आजपासून माऊस सोडवलात, बाणांच्या बटणांवर यादी चालवून दिलीत. काल जेवताना सगळ्यांना तेच कौतुक सांगत होते मी.

दीर : परत नाव निवडून दाबा बरं... हे काय, बरोबर तर येतंय.

वहिनी : मघाशी नाही आलं. पाकीट न्यायला आलेल्या मावशी हसल्या, म्हणाल्या, काकांची काकू कधी झाली? तेव्हा कुठे मी चिठ्ठी वाचली.

दीर : मघाशी दुसरं काही घडलं होतं?

वहिनी : काय घडणार? नवीन पेशंटचं नाव वर येऊन बसलं. बाकीचे एकेक ओळ खाली सरकले. येतच असतात की.

दीर : वहिनी, पट्टी मी नावाला बांधलीय. नाव सरकलं की तीही सरकते. पण एंटर बांधला ओळीला. तो जागचा हलत नाही.

वहिनी : म्हणजे पट्टी काकांवर आणि एंटर त्यांच्या वरच्या नावावर.

दीर : घरी करून बघितलं तेव्हा यादी स्थिर होती. नवं नाव कुठून येणार तिथे... त्या गोळ्या कसल्या होत्या?

वहिनी : रक्त पातळ करायच्या. आणि त्या बाईंचं कालच ऑपरेशन झालंय.

दीर : पण पाकीट गेलं नाही ना?

वहिनी : हे नाही गेलं. माझ्या मुठीत आहे. देवानंच त्या मावशींना हसवलं.

दीर : सकाळपासूनची बाकीची पाकिटं?

वहिनी : वर गेली सगळी. थांबा, वॉर्डला फोन लावते... वाजतोय नुसता. उचला हो कुणीतरी.

दीर : जिना चढून मी जातो. वहिनी, एक सांगा. तुम्ही प्रत्येक चिठ्ठी वाचूनच चिकटवता ना? मला माहितीय तुमची सवय.

वहिनी : माऊस होता तेव्हा वाचायची.

दीर : आणि आज?

वहिनी : आज पट्टी तुम्ही केलेली होती ना, भाऊजी.