तिसऱ्या गाण्यातलं कुर्र

नाही नाही, मला विचारलं नाही असं कुठे म्हणतोय मी? विचारलं! चांगलं समोर बसवून, हातात चहा देऊन विचारलं, 'आजोबा, कसं वाटतंय, अगदी खरं सांगा,' आणि मी अगदी खरं सांगितलं, आणि सगळ्यांनी माना हलवून ऐकून घेतलं, आणि माझी पाठ वळल्यावर जे करायचं तेच केलं! अहो, न विचारता करतात ना, ते परवडलं. तो साधा अपमान असतो, गिळता येतो. पण विचारून घ्यायचं आणि मग... तुम्हाला सांगतो, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं मी, त्यातच डॉक्टरेट केली, पण याला शब्द सापडत नाहीये. विश्वासघात म्हटलं तर फार मोठं होतं का? होत असेल. माझं चुकतही असेल, नाही असं नाही. पण सांगायचं ना!

आमची नात गाण्यांची कंपनी चालवते. कंपनी म्हणजे माझी अभ्यासाची खोली. कुणा बड्या कंपनीच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत, आपली गाणी आपणच ध्वनिमुद्रित करायची, आपणच तबकड्या काढायच्या आणि आपणच गावोगाव जाऊन वाजवायच्या. 'आजोबा, आम्ही इंडी आहोत, इंडी!' मी म्हटलं, असा, आम्ही नाही कुठे म्हणतोय? पण कंपनीचं नाव काय ठेवावं माणसानं? 'गळका नळ'! अगं, एवढी मोठी भाषा, एक धड शब्द मिळाला नाही? तर म्हणे, 'लक्षात राहतं, आजोबा.' राहील नाही तर काय! आमच्या बाथरूममधलाही राहतो!

आणि माझीच खोली का? तर पुस्तकांमुळे. चारही भिंतींना पुस्तकं ना! 'पुस्तकं आवाज खातात, आजोबा. वेगळं काही लावायलाच नको.' चार पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना मी घसा फोडून सांगत आलो, ग्रंथ बोलतात, ग्रंथ बोलतात... आणि शेवटी त्यांचा उपयोग काय निघाला? गप्प करायला! बरं, खोली गेली, गेली. मी व्हरांड्यात आलो. तक्रार केली? एका शब्दानं नाही. म्हणजे हिच्याकडे केली. हिच्याकडे म्हणजे बायकोकडे. ती म्हणाली, 'अहो, तुम्ही कुठेही बसलात तरी काळजीच करणार, ती व्हरांड्यात बसून करा, हवा तरी लागेल.'

त्यांची पहिली गायिका, तिचं नाव मी कुजबूज ठेवलंय. प्रेमानं हं! मुलगी गुणी आहे, पण गाते कशी, तर शेजारी कुणी आजारी माणूस झोपलाय अशी. शब्द ओठांपर्यंत येतात, इकडे तिकडे बघतात आणि परत जातात. आणि तिचं ध्वनिमुद्रण करणारा तो दाढीवाला, त्याला मी कानटोपी म्हणतो, आता घरात सगळेच म्हणतात, कारण डोक्यावरचे हेडफोन जेवतानाही उतरत नाहीत. त्याला मोठ्यानं हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि त्याच्याबद्दल हळूच काही बोललं की लगेच, 'काय म्हणालात, आजोबा?'

तर एक दिवस नात आली आणि म्हणाली, 'आजोबा, एक जबाबदारीचं काम आहे. तुम्हीच करू शकाल.' आता मला सांगा, निवृत्त माणसाला हे वाक्य कुणी ऐकवतं का? मला कुणी विचारत नाही हो! कॉलेजात होतो तेव्हा माझ्या 'नाही'ला वजन होतं, हल्ली भाजी काय करायची यावरसुद्धा माझं मत बाद. आणि ही पोरगी सांगतेय, तुम्हीच! मी ताठ बसलो. काम असं की कारखाना सगळ्या तबकड्या एकदम छापत नाही. आधी नमुन्याच्या थोड्या पाठवतो, मधे कोरं पांढरं लेबल लावलेल्या. त्या कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू, कान देऊन ऐकायच्या. खरखर आहे का, टिचकी आहे का, सुई उडते का. शितावरून भाताची परीक्षा म्हणा ना! ऐकणाऱ्यानं हो म्हटलं तर कारखाना पुढे जातो, नाही म्हटलं तर सगळं थांबतं. सगळं! माझ्या एका 'नाही'वर!

मी ऐकलं. कसं ऐकलं विचारा. खिडक्या लावल्या, पंखा बंद, हिला सांगितलं भांडी घासू नकोस, श्वाससुद्धा हप्त्याहप्त्यानं घेतला. पहिलं गाणं, ठीक. दुसरं, ठीक. तिसरं... तिसऱ्या गाण्यात कुजबूज 'तू येशील का' असं विचारते आणि थांबते. लांबलचक थांबते. आणि त्या शांततेत... कुर्र... कट्!

पुन्हा लावलं. कुर्र... कट्! सुई पुसली. कुर्र... कट्! दुसरी तबकडी लावली. तेच! मग वाटलं, माझ्या कानातच असेल. एक कान बंद करून ऐकलं, मग दुसरा. डोकं उशीवर ठेवून ऐकलं. शेवटी हिला बोलावलं, 'तुला काही ऐकू येतंय का?' ही पदराला हात पुसत आली, ऐकलं, माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, 'मला नाही बाई काही येत.' हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

आता काय करायचं? दोष आहे म्हणावं आणि नसला, तर पोरीचं पहिलंवहिलं काम आपण थांबवलं. दोष नाही म्हणावं आणि असला, तर जन्मभर लोक म्हणणार, आजोबांनी ऐकलं होतं ना? शंका घेणं हा माझा व्यवसाय होता हो, पण तेव्हा कागदावर घ्यायचो, कुणाचं नुकसान होत नव्हतं! जेवण गेलं, झोप गेली. शेवटी छातीचा कोट करून नातीला सांगितलं, 'तिसऱ्या गाण्यात दोष आहे. माझं मत, थांबवावं.' कानटोपीनं चक्क एक कान मोकळा केला. आणि नात म्हणाली, 'बरं झालं सांगितलंत, आजोबा. बघते मी.'

बघते मी! यावरून मी निष्कर्ष काढला की काम थांबलं. काढणार नाही का? अहो, 'बघते मी' याचा घरात अर्थ काय होतो हे तर्कशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही! माझं चुकतही असेल. पण सांगायचं ना!

मग प्रकाशनाची संध्याकाळ आली. एका चहाच्या दुकानाचा वरचा मजला, पन्नासेक माणसं, जमिनीवर गाद्या. मी म्हटलं, आता ही पोरगी उभी राहून सांगणार, तबकडी लांबणीवर पडली, आणि लोक नाराज होणार. म्हणून मी मनाशी छोटंसं भाषण जुळवून गेलो होतो. 'मंडळी, मुलांना दोष देऊ नका, निर्णय माझा होता.' जिना चढेपर्यंत मलाच भरून आलं होतं. वर पोचतो तर काय! टेबलावर तबकड्यांची चळत! रंगीत वेष्टनं, वर प्लॅस्टिक, शेजारी लिंबू-सरबताचे ग्लास! आणि टेबलामागे विकायला बसलंय कोण? ही! माझी बायको! मी म्हटलं, 'अगं, तू तर देवळात...' तर म्हणते, 'अहो, हळू बोला, पोरगी बोलतेय.'

आणि नात माइकवर. पुढे काय काय येणार, सगळं घडाघडा सांगत होती. आधी कुजबूजची ही तबकडी. मग त्या चौघा उदास मुलांची, जे गिटार वाजवताना आपापल्या बुटांकडे बघतात. मग त्या जोडप्याची, ज्यांचं आता पटत नाही म्हणून ते एकमेकांवर गाणी करतात आणि आळीपाळीनं मुद्रणाला येतात. आणि सगळ्याच्या आधी आठ गावांचा दौरा! टाळ्या! मी मेलोय की जिवंत आहे, कुणाला पत्ता नाही!

तेवढ्यात तबकडी लावली. पहिलं, दुसरं, तिसरं. 'तू येशील का...' शांतता... कुर्र... कट्! आणि लोक काय करतात? 'आहाहा!' समोरच्या एकानं तर डोळे मिटून छातीवर हात ठेवला. मला राहवेना. उभा राहिलो आणि ओरडलो, 'थांबवा! हा दोष आहे! मी सांगितलं होतं!' आणि टाळ्या! कडकडून! त्यांना वाटलं, हेही कार्यक्रमातच आहे!

नातीनं मला हाताला धरून जिन्यात नेलं. कुजबूज मागोमाग. आणि ही, सरबताचा ग्लास घेऊन. नात म्हणाली, 'आजोबा, तो दोष नाहीये. ते तुम्ही आहात.'

म्हणजे? म्हणजे असं, की मुद्रण चालू असताना मी व्हरांड्यात माझ्या जुन्या वेताच्या खुर्चीत दाराला टेकून बसायचो. गुपचूप हो! त्रास नको म्हणून! कुजबूज थांबली की मला वाटायचं, ओळ विसरली बहुतेक, आता कसं होणार पोरीचं... आणि मी पुढे सरकायचो. कुर्र. मग ती गायला लागायची आणि मी मागे टेकायचो. कट्. चार भिंतींच्या पुस्तकांनी सगळ्या जगाचा आवाज खाल्ला, दाराच्या फटीतून येणारा माझा तेवढा सोडला! कुजबूज म्हणाली, 'आजोबा, कानटोपी म्हणाला, काढून टाकू. मी म्हटलं, अजिबात नाही. या अख्ख्या गाण्यात माझ्यासाठी जीव टाकणारं तेवढं एकच आहे.'

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? तर नात म्हणते, 'सांगितलं असतं तर तुम्ही लाजेनं काढायला लावलं असतं.' मग ऐकायला कशाला दिलं? 'तुमच्या लक्षात येतं का बघायचं होतं.' आणि खरी परीक्षा कुणी केली, हो कुणी म्हटलं? कुजबूज भिंतीकडे बघतेय. नात बोटांकडे. आणि ही म्हणाली, 'सरबत घ्या.' कळलं? दुपारी माझा डोळा लागल्यावर हिनं ऐकल्या होत्या तबकड्या, भाजी निवडता निवडता! आणि हो म्हणून मोकळी! 'मला नाही बाई काही येत'! अहो, माझी खुर्ची ही रोज ऐकते, तिला कळणार नाही? माझं चुकतही असेल... पण हिनं तरी सांगायचं ना!

पण तुम्हाला म्हणून सांगतो, आतून बरं वाटलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, आता तबकडीवर आहोतच, तर दौऱ्यावरही जाऊ. खुर्चीत बसायचं, वेळ आली की सरकायचं, त्यात काय! तालीम ठेवली. खुर्ची मधोमध, खाली माइक. कुजबूज गायला लागली, आणि माझ्या मनात आलं, लवकर सरकलो तर? उशिरा सरकलो तर? तेव्हा पुढे सरकलो होतो की आधी डावीकडे? 'तू येशील का...' शांतता. संपूर्ण शांतता. मी दगड! आणि मग माइकमध्ये माझाच आवाज घुमला, 'आता सरकू का?'

पुन्हा केलं. पुन्हा. मला जमेना हो! एकदा तर इतका अलगद सरकलो की खुर्चीला कळलंसुद्धा नाही. तेव्हा ही स्वयंपाकघरातून आली, म्हणाली, 'उठा जरा,' पदर खोचला, बसली. कुर्र... कट्! कानटोपीनं हेडफोन काढले! पहिल्यांदा! त्याला केस आहेत हे तेव्हा कळलं आम्हाला!

म्हणजे आता काय झालंय, दौरा सुरू आहे. नात गेली, कुजबूज गेली, खुर्ची गेली आणि खुर्चीत बसून ही गेली. परवा फोन आला. मागे टाळ्या ऐकू येत होत्या. 'अहो, लोक पुन्हा एकदा म्हणून ओरडतात! सगळे म्हणतात, आजोबांचा जीव अगदी खरा वाटतो.' मी म्हटलं, मी येतो ना एखाद्या गावाला, आता नाही घाबरणार. तर म्हणते, 'नको हो. तुम्ही समोर असलात की मला तुमची काळजी लागते, आणि मग नको तिथे सरकलं जातं.'

ठीक आहे. नातीनं नवी खुर्ची घेऊन दिलीय, गुबगुबीत, एकदम उत्तम. काडीचा आवाज नाही. मागे टेका, पुढे सरका, काहीच नाही. तिच्यात बसलो ना, की घरात कुणी आहे असं मलाच वाटत नाही. माझं चुकतही असेल, नाही असं नाही... पण आता सांगायचं कुणाला?