गोवराचं झालं

माझं नाव मंगल, पन ते नाव आता राशन कार्डावरच राहिलंय बघा, गावात समदे मला आशाताईच म्हनत्यात. आमचे मामंजी तर एकदा घरातच आशाबाई, चहा टाका म्हनले, मी म्हनलं मामा, मी सून हाय तुमची, तवा तेबी हसले आन् मीबी हसले. माहेर माझं राजूरच्या पल्याड, डोंगरात, तिथं पाऊस लागला की चार चार महिने अंगावरचं कापड वाळत न्हाई, आन् दिली कुठं, तर पारनेरच्या या माळावर, जिथं उन्हाळा आला की बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या ऱ्हात्यात. लग्नानंतर पयल्या वर्षी मी रोज रडायचे, पान्याला रडायचे का आईला, मलाच कळायचं न्हाई. आता सवय झाली, आता माहेरी गेले तर ओल सोसत न्हाई.

आमची आजी हुती माहेरी, तिच्या दंडावर देवी काढल्याचे दोन मोठे वण हुते. ती सांगायची, देवी डॉक्टर गावात आला की पोरं रानात पळायची, तिला तिच्या आईनं धान्याच्या कनगीत लपवलं, तरी त्या बाबानं हुडकून काढून टोचलंच. लई शिव्या द्यायची त्याला, आन् शिव्या देऊन झाल्या की दंडावरनं हात फिरवायची, म्हनायची, पन जगले बाई मी. माझा धाकटा भाऊ मातुर न्हाई जगला. त्याला गोवर आला, मी आसंन सात-आठ वर्षांची. घरात देव आलाय म्हनून दाराला लिंबाचा पाला बांधला, कढईत फोडनी बंद, परक्या मानसाला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई, दवाखान्याचं तर नावच काढू दिलं न्हाई. पोराचा श्वास असा भात्यासारखा चालायचा. मी पाला हालवत बसले हुते त्याच्याजवळ. काय सांगू तुमाला, हातात पाला तसाच राहिला.

म्हनून मी आरोग्य खात्याची आशा झाले, दुसरं काई न्हाई. दहावी झाली हुती, गावात सून म्हनून दहावी झालेल्या दोघीच, त्यातली एक पुन्याला गेली, मग राहिले मी. मला वाटलं, सोपं काम हाय, सुई चांगली हाय म्हनून सांगायचं, बाया येतीन. अहो, कशाच्या येत्यात. सुई चांगली हाय हे समद्यांनाच कळतं, पन सुई टोचली की पोराला रातभर ताप, पोर किरकिर करनार, आन् दुसऱ्या दिवशी कांदा काढायला जायचंय, मग त्या पोराला घेऊन कोन बसनार? नवरा म्हनतो, चांगलं खेळतं पोर कशाला आजारी पाडतीस. सासू म्हनती, आमी काय टोचून वाढवली का समदी. कुनाच्या मोबाईलवर काईतरी येतं, कुठल्या तरी गावात सुईनं पोर गेलं, कुठलं गाव ते कुनालाच म्हाईत नसतं. आन् पयलं बाळंतपन माहेरी, मग पयल्या सुया माहेरी, कार्ड माहेरी, पेटीत नायतर गादीखाली, आन् सून इकडं. ते कार्ड हुडकताना माझं आर्धं आयुष्य गेलं.

तर आमच्या वस्तीवर हौसाकाकू हायेत, त्यांचा ल्योक टेम्पो चालवतो, त्याची बायकू मनीषा, आन् मनीषाची पयली लेक ईश्वरी. मनीषा माहेरी बाळंत झाली, श्रीरामपूरकडं तिचं माहेर, लेक नऊ महिने पुरी करून परत आली ती हे गुटगुटीत पोर घेऊन. मला बघितलं की ईश्वरी ताता म्हनायची. ताई म्हनता येईना म्हनून ताता. आईला आई म्हनायच्या आधी मला ताता म्हनली, मनीषा चिडवायची, घेऊन जा तुमच्या घरी म्हनायची.

आता ऐका, इथं माझी चूक हाय. नऊ महिने झाले की गोवराची लस आसती. मी यादी घेऊन दारी गेले, मनीषा रानात कांद्यावर हुती, हौसाकाकू वसरीत शेंगा फोडत हुत्या. मी म्हनलं, काकू, ईश्वरीचं गोवराचं झालं का? काकू म्हनल्या, झालं की गं बाई, माहेरीच झालं, दोन दिस लई ताप हुता अंगात, मग उतरला. मी म्हनलं, बरं झालं. आन् लिवलं. लस टोचली की दोन दिस ताप येतोच की, मला कशाला शंका येतीय. कार्ड कुठं हाय म्हनलं, तर माहेरी राहिलंय. संध्याकाळी उपकेंद्राच्या सिस्टरनी विचारलं, मंगल, कार्ड डोळ्यांनी बघितलं का? मी म्हनलं, बघितलं.

न्हाई बघितलं हुतं मी. चार दिवसांत यादी पुरी करायची हुती, वरनं फोनावर फोन, आमच्या गावाची टक्केवारी मागं हाय म्हनून सिस्टर बोलनी खात हुत्या, आन् माझं मन म्हनलं, म्हातारी खोटं कशाला बोलंल. म्हातारी खोटं बोललीच न्हाई. खोटं मी बोलले.

चार महिन्यांनी ती लोकं लग्नाला गेली, तिकडनं आली ती ईश्वरीला ताप घेऊनच. डोळे लाल, नाक वाहतंय, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानामागनं पुरळ निघालं, तोंडावर आलं, पोटावर आलं. मनीषा भ्यायली, मला बोलवायला आली. मी गेले, बघितलं, आन् काय म्हनले म्हाईतीय? म्हनले, हिची गोवराची लस झालेली हाय, माझ्या रजिस्टरला हाय, हा गोवर नसंन, उन्हानं उठलं आसंन. जिनं आपल्या भावाजवळ बसून गोवर बघितला, तिनं! माझ्या हातानं लिवलेलं मीच खरं धरून बसले. त्यात तीन दिस गेले. तीन दिस, अहो. चौथ्या दिवशी पोर धापा टाकाया लागलं, दोन्ही कान वाहाया लागले, तवा टेम्पोत घालून नगरला नेलं. नाव बदललं म्हनत्यात आता, आमाला नगरच येतं तोंडात.

पोर वाचलं. देवाची किरपा, डॉक्टरांची किरपा, वाचलं. पन घरी आल्यावर मी दारातनं हाक मारली, ईश्वरी, तर ती पाठमोरी बसून चमचा आपटत राहिली. मी पुना मारली. मनीषा चुलीपुढनं म्हनली, ताई, आता तिला असंच हाय. मी पुढं जाऊन बसले तवा तिनं मला बघितलं, हसली. तोंड हालवलं, ताता म्हनायला हालवलं आसंन, आवाज न्हाई आला. नंतर हळूहळू तोंड हालवायचंबी राहिलं.

मग गावात सुरू झालं. सुया घेऊनबी गोवर आला, आन् वर कान गेले. मनीषाबी म्हनायची, तीन येळा टोचलं की माझ्या लेकीला माहेरी, तिला वाटायचं त्या तिनांतच गोवराची आली. आन् कुनी मला विचारलं तर मी काय सांगनार, रजिस्टरला तर झाली म्हनून हाय. पुढच्या लसीकरनाला सिस्टर बर्फाचा डबा घेऊन आल्या, अंगनवाडीत आमी दोघी आन् सेविका, तिघी बसलो. दुपारपत्तुर एक लेकरू आलं न्हाई. पुढच्या महिन्यात दोन आली, ती दुसऱ्या वस्तीवरली. डबा जसा आला तसा परत गेला. सिस्टर म्हनल्या, मंगल, तुझं गाव आसं नव्हतं गं. 

मग एक दिवस मनीषाचा भाऊ कार्ड घेऊन आला, पोरीचं अपंगाचं सर्टिफिकेट काढायचं हुतं, त्याला कागदं लागत्यात. मनीषानं ते कार्ड माझ्याच हातात दिलं, म्हनली ताई, फारम तुमी भरा, मला त्यातलं कळत न्हाई. वसरीत बसून मी कार्ड उघडलं. दीड महिन्याची तारीख हुती, अडीच महिन्याची हुती, साडेतीन महिन्याची हुती. नऊ महिन्याचा चौकोन कोरा.

माझ्या हातात पेन हुता, फारम भरायला घेतलेला, टोपन काढलेला. आता खरं सांगते, तुमी लिवून घेताय तर हेबी लिवा, माझ्या मनात आलं, एक तारीख टाकावी. कुनाला कळनार हुतं? मनीषा चुलीपाशी, काकू शेळीला पाला टाकत हुत्या, समोर फकस्त ईश्वरी, ती पेनाकडं बघत हुती, तिला पेन पाहिजे हुता. मी पेनाला टोपन लावलं आन् तिच्या हातात दिला.

मी म्हनलं, काकू, इकडं या. त्या दिवशी मी इचारलं तवा तुमी झालं म्हनलात, ते काय झालं हुतं? काकू म्हनल्या, काय म्हंजे, गोवर झाला की गं, माहेरी, अंगावर बारीक पुरळ उठलं, मनीषाच्या आईनं पाच दिस दाराला पाला बांधला, तुला सांगितलं न्हाई का मी? आन् एकदा येऊन गेला की परत येत न्हाई, म्हनून सुईची गरज न्हाई म्हनलं आमी दोघी म्हाताऱ्यांनी. बघा, मी इचारत हुते लशीचं, आन् त्या सांगत हुत्या देवाचं. दोघीबी एकच शब्द बोललो, गोवराचं झालं. ते माहेरचं पुरळबी गोवराचं नव्हतंच, घामोळ्या नायतर दुसरं काई आसंन, गोवर तर नंतर आला, खराखुरा. त्या म्हातारीला कशाला दोष देऊ, तिनं तिला म्हाईत हुतं ते सांगितलं. बघायचं काम माझं हुतं.

मनीषाला मी तिथंच समदं सांगितलं, कार्ड न बघता बघितलं म्हनले तेबी. तिनं माझ्या हातातनं कार्ड काढून घेतलं, पोरीला उचललं आन् आत गेली. शिव्या दिल्या आसत्या तर मला बरं वाटलं आसतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, समद्या बाया हंडे घेऊन रांगेत, त्या टायमाला सारं गाव एका जागी आसतं. मी हंडा खाली ठिवला आन् मोठ्यानं बोलले, बायांनो, ईश्वरीला गोवराची सुई दिलेलीच न्हाई, मी खोटं लिवलं हुतं. सुई घेऊन गोवर आला न्हाई, सुई न घेता आला. एक जन म्हनली, म्हंजे पोरीचे कान तुझ्यामुळं गेले?  मी म्हनलं, व्हय, माझ्यामुळं गेले, मला काय बोलायचं ते बोला, सुईला बोलू नका. पाइपातनं पानी पडत हुतं आन् कुनी हंडा लावीना. मामंजींनी त्या दिवशी जेवन केलं न्हाई, म्हनले, चारचौघांत कशाला बोललीस. सिस्टरनाबी सांगितलं, वरनं लेखी नोटीस आली, चौकशी झाली, काम राहिलं कसंबसं.

आन् बाया आल्या. लगेच न्हाई, हळूहळू. माझ्यावर इस्वास ठिवून न्हाई आल्या, मला म्हाईतीय. ईश्वरीला बघून आल्या. पोर वाड्यावस्तीवरनं पळत जातं, मागनं मोटारसायकल हॉर्न देती आन् ते वळत न्हाई, हे समद्यांनी बघितलंय. आता मशीन मिळालंय कानाचं, थोडं ऐकू येतं म्हनत्यात, पन ती काढून टाकती.

मनीषा माझ्याशी बोलत न्हाई. दोन वर्सं झाली. दारी गेले की काकू बोलत्यात, ती आत जाती. मधी तिला ल्योक झाला, ह्या टायमाला सासरीच बाळंत झाली, कार्ड म्हनं देव्हाऱ्यात ठिवलंय. मागच्या महिन्यात लसीकरन हुतं तवा ती अंगनवाडीत आली, काखंत पोर, बोटाला ईश्वरी. मी उठून उभी राहिले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई, कार्ड टेबलावर उघडलं, नऊ महिन्याच्या कोऱ्या चौकोनावर बोट ठिवलं आन् म्हनली, आता बघून लिवा.

सिस्टरनी सुई दिली, मी डोळ्यांनी बघितली, मग तारीख टाकली. पोरानं आसा टाहो फोडला की बाकीची लेकरंबी रडाया लागली. ईश्वरी एकटी शांत, भावाचं उघडं तोंड बघत हुती, आन् त्याच्या दंडावर हात फिरवत हुती, आमच्या आजीवानी. जगू दे बाई, मी म्हनलं, दोघांना जगू दे. दुसरं मागायला आता माझं तोंड न्हाई.