माळेवरची शाळा

माझं माहेर संगमनेराकडचं. आमच्या गावात चर्च आधी आलं अन् यष्टी मागून, असे आमी जुने कॅथलिक. नाव माझं मार्था. लग्न करून पुण्यात आले, मालक एका कंपनीच्या गेटावर सिक्युरिटीत, अन् मी कर्वेनगरला कंप्युटरवाल्यांच्या घरी पोळ्या करते, वीस वर्षं झाली. चार लेकरं. थोरली सेलिना, मधले दोघं, अन् शेंडेफळ पास्कल. मी सातवीपर्यंत शिकले, मराठीत, पण लेकरं इंग्रजी शाळेत घातली, का तर ज्यांच्या घरी पोळ्या लाटते त्यांची पोरं ज्या भाषेत भांडतात ती भाषा माझ्या पोरांना यायला पाहिजे. एवढीच हाव केली बघा आयुष्यात.

कोरोना आला, शाळा बंद, कामं बंद, खोली एक, फोन एक अन् शिकणारे चार. सेलिना दहावीला, पास्कल दुसरीत. मी म्हणलं, शाळा घरीच भरवू. आता मला काय येतं? आमच्यात संध्याकाळी जपमाळ म्हणतात, एकानं अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी मिळून उरलेली म्हणायची, की मणी पुढं सरकला. तसाच मी अभ्यास लावला. एकानं धडा धरायचा, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पाढे, कविता, समदं सुरात. पास्कलचा आवाज सगळ्यात मोठा. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, मार्थाबाई, तुमच्याकडं रोजच चर्चातली मिस्सा चालू दिसते. टोमणा व्हता तो, कळत व्हतं मला, पण गोड वाटायचं.

मग सोसायट्यांची गेटं उघडली, कामं परत लागली. सकाळी जायचं ते चार वाजता यायचं. शाळा सेलिनाच्या गळ्यात घातली. रोज आले की पायावर पाणी घ्यायच्या आधी विचारायचे, पास्कलला वाचता येतं का गं? येतं, आई, सगळं येतं. त्याच्या टीचर फोनवर अंगठा पाठवायच्या, व्हेरी गुड लिहायच्या. काय सांगू तुम्हाला, एक दिवस फोन सोबत नेऊन तो अंगठा मी सगळ्या मॅडमांना दाखवून आले. एकीनं त्याला रंगपेटी दिली.

बारक्यांच्या शाळा अजून उघडायच्या व्हत्या, पण चर्च उघडलं. तटून राहिलेलं पहिलं कम्युनियन ठरलं, म्हणजे पोरांनी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. पास्कलला पांढरा शर्ट शिवला. मिस्सात एकेका पोरानं उभं राहून एकेक विनंती वाचायची असते, सिस्टरनी तिथंच चिठ्ठ्या वाटल्या, मराठीतल्याच. पास्कल माईकपुढं गेला. चिठ्ठीवर बोट ठेवलं. बोट सरकायला लागलं, अन् अहो, तोंडातून निघाली जेवणाआधीची प्रार्थना. आमच्या पुढ्यातल्या अन्नाला आशीर्वाद दे. बोट चिठ्ठीच्या वळीवर, अन् तोंडी ताट! दर विनंतीमागून म्हणतात तसं लोकांनी सवयीनं म्हणलं, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. मग दुसऱ्या बाकावरचं कोणतरी हसलं.

घरी येऊन त्याच्यापुढं पेपर टाकला, म्हणलं, वाच. बोट सरकतंय, तोंड बंद. मराठी न्हाई, इंग्रजी न्हाई, काहीच न्हाई. पाठ मात्र समदं. तो सेलिनाकडं बघायला लागला, मधले दोघं फरशीकडं. म्हणजे सगळ्यांना ठावं व्हतं, मला सोडून.

सेलिना म्हणाली, त्याचा अभ्यास मीच लिहायचे. वाचून पाठवायचं असलं की आवाज बारीक करून मीच वाचायचे. त्याला शिकवायला रोज दोन तास गेले असते, आई, माझी दहावी होती, फोन एक होता. मी म्हणलं, मग मला सांगायचं. तर म्हणती कशी, तू रोज पास्कलचं विचारायचीस. माझं एकदा तरी विचारलंस?

नव्हतं विचारलं. खोटं कशाला बोलू. पण म्हणून तिनं खोटं बोलावं? कुणी परकीनं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ही रोज संध्याकाळी माळ धरून माझ्यासमोर बसायची अन् आईच्या डोळ्यात धूळ फेकायची. महिन्याच्या महिन्याला पापकबुलीला जाती. हे पाप फादरना सांगितलं का न्हाई, ते मी विचारू शकत न्हाई, आईलाही तो हक्क नसतो. तेच मला खातं.

पास्कल आता सातवीत हाय. रोज एकट्याला घेऊन बसले, एकेक अक्षर, पोळपाटावर पीठ पसरून गिरवून घेतलं. आता वाचतो, हळू वाचतो, पण जे लिहिलंय तेच वाचतो. सेलिना हिंजवडीला कंपनीत लागली, कानाला ते यंत्र लावून परदेशातल्या लोकांशी फाडफाड बोलती. सगळे म्हणतात, मार्थाबाई, पांग फेडले पोरीनं. फेडले. मी कुठं न्हाई म्हणते?

आमच्यात लेकरू घराबाहेर निघालं की आई अंगठ्यानं त्याच्या कपाळावर क्रूस काढती. त्या कम्युनियननंतर वर्षभर मी तिला काढला न्हाई. ती दारात थांबायची अन् तशीच जायची. आता काढते. देवा, माझ्या पोरीला सांभाळ, हे मनापासून म्हणते, सुखी राहू दे तिला. पण निघताना विचारते, जेवलीस का गं? ती म्हणती, हो आई. खाली कंपनीची गाडी हॉर्न देती, ती जाती, अन् मी डब्याचं झाकण उघडून पोळ्या मोजते.