सायलीचं गुणगुणणं

अगं, नोएडाच्या त्या कॉन्सर्टचं तुला सांगितलंच नाही ना? खास ऑटिस्टिक मुलांसाठी ऑर्केस्ट्रा होता. दिवे मंद, आवाज बेताचा, मुलांनी हवं तेव्हा उठावं, बोलावं. म्हणून आमच्या सायलीला पंधराव्या वर्षी पहिल्यांदाच हॉलमध्ये नेलं. व्हायोलिनं सुरू झाली आणि ती हात हलवत मोठमोठ्याने गुणगुणायला लागली. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं, यार.

तेवढ्यात आयोजक बाई आल्या. "मॅडम, बच्ची को बाहर ले जाइए. रिकॉर्डिंग चल रही है."

बाहेर सायली बंद दाराला कान लावून उभी राहिली. मी बाईंना विचारलं, "प्रोग्राम इन्हीं बच्चों के लिए है ना?"

"बिल्कुल! इसीलिए तो वीडियो अच्छा बनना चाहिए."