मला आधार हवा

नाही हो काका, पत्ता इथे बदलत नाही! जन्मतारीखसुद्धा बदलत नाही!... बघितलंत? हे असं, दिवसभर! हसा, हसा. पण तुम्हाला सांगते, मी डनेडिनला वाढले, न्यूझीलंडच्या पार शेपटाला, त्याच्या पुढे फक्त पेंग्विन, तिथे शिकले, आणि सामान बांधून नवी मुंबईत आले ती काय लोकांचे पत्ते बदलायला? मी आयुष्यं बदलायला आले होते!

हसू नका म्हटलं ना.

एवढं मोठं विद्यापीठ. पहिल्या वर्षाची पोरं सभागृहात मावत नाहीत. त्यातली कितीतरी मराठी शाळेतून आलेली, वर्गात सगळं इंग्रजी, फळ्यावरचं सगळं डोक्यावरून जाणारं, आणि विचारायचं कुणाला? गणिताचं गणितवाल्यांना, फीचं ऑफिसला, आणि रडू आलं तर?... रडू आलं तर संडासात जायचं. मी म्हटलं, नाही! सगळी मदत एका छताखाली! एकच दार! शिकवणी तिथे, समुपदेशन तिथे, अभ्यास कसा करायचा तेही तिथे! संचालक चंद्रशेखर सर म्हणाले, "व्हेरी गुड, संघमित्रा! नाव काय देऊ या?" आणि मी छाती फुगवून म्हटलं, "आधार केंद्र."

 बैठकीतले दोघं-तिघं मान खाली घालून स्वतःचे बूट बघत होते. मला वाटलं, भारावले!

आता तुम्हीच सांगा, आधार म्हणजे काय? आमच्या घरी आधार म्हणजे आधार! आम्ही देश सोडला तेव्हा मी दुसरीत होते, आणि बाबांनी मराठी जपली ती फ्रीजरमध्ये पुरण जपतात तशी. नेली तशीच्या तशी मी परत आणली. मधल्या काळात त्या शब्दाला फोटो चिकटला, आकडे चिकटले, बोटांचे ठसे चिकटले, हे मला कोण सांगणार? ऑफिसातल्या कल्पेशने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मॅडम, तुमचा आधार?" मी म्हटलं, "आई-बाबा." तो म्हणाला, "त्यांचा नको, तुमचा स्वतःचा द्या." मला वाटलं, केवढा खोल माणूस!

उद्घाटनाला मी भाषण ठोकलं. "मुलांनो, लाजू नका! नापास झालात तरी लाजू नका! फक्त दारात या आणि एवढंच म्हणा, मला आधार हवा! पुढचं आमच्यावर सोडा!" टाळ्या? अहो, कडकडाट!

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर रांग. माझ्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांत पुढे सत्तरीचे एक आजोबा! म्हटलं, काय हा ज्ञानाचा ध्यास! आजोबा म्हणाले, "पोरी, बोटं उमटत न्हाईत." जन्मभर मार्केटात गोण्या वाहिलेल्या, ठसेच झिजून गेलेले. त्यांच्या मागे खांदेश्वरच्या बाई, नवऱ्याचं नाव चुकलेलं. त्यांच्या मागे आणखी कुणी, त्यांच्या मागे आणखी कुणी... मग आमचे शिपाई बाजीरावमामा, साताऱ्याकडचे, आवाज खणखणीत, त्यांनी आपणहून व्यवस्था लावली. "कार्डवाले हिकडं! नापासवाले तिकडं! चला, नापास कोन कोन हाय, हात वर करा!"

कोण करणार हात वर? कार्डवाल्यांची रांग जिन्यापर्यंत, आणि नापासवाल्यांच्या बाजूची फरशी चकचकीत!

मी धावत सरांकडे. "सर, नाव बदलू या!" सर म्हणाले, "वेडी आहेस का? फुटफॉल बघ, फुटफॉल! केवढी माणसं येतायत! तपासणी समिती खूश होऊन गेली. आणि बोर्ड पितळी केलाय आपण."

मग काय! इथे नाही, वाशीला जा. इथे नाही, वाशीला जा. माझी पोपटपंची सुरू. आणि एक दिवस एक मुलगी आली. ओढणी मुठीत घट्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, आत कागद. आता ती पिशवी सगळ्यांच्याच हातात असते हो! मी मान वर न करता विचारलं, "नाव बदलायचंय की पत्ता?"

"नाय मॅडम, नाव तेच हाय."

"मग?"

"मना आधार पायजे."

"नवीन? वाशीला जा. डेपोसमोर, वरच्या मजल्यावर."

"तिथं भेटंल?"

"नक्की."

"थँक्यू, मॅडम."

थँक्यू म्हणाली हो!

पुढे केव्हातरी गणिताच्या अमिता मॅडम जिन्यात भेटल्या. "काय गं, माझी वैष्णवी आली होती ना तुझ्याकडे? तळवलीची. गणितात गेली, फार रडत होती. म्हटलं, पेपरची झेरॉक्स घे आणि सरळ आधार केंद्रात जा. तेव्हापासून वर्गातच दिसली नाही."

पिशवीत पेपर होता. गणिताचा.

अहो, सभागृह भरून पोरांनी माझं भाषण ऐकलं, एकीने ते खरं मानलं, आणि शिकवलं होतं तसंच दारात येऊन म्हणून दाखवलं. तुम्हीच सांगा, आधार म्हणजे काय? तिला ठाऊक होतं! मीच तोवर पक्की इथली झाले होते.

तळवलीला गेले. तिची आई राजाबाई, दारात सुके बोंबील निवडत बसलेली. मी तोंड उघडायच्या आत तिने माझा हात धरला. "तुमीच का त्या मॅडम? लय उपकार झालं गो बाय! पोर निसती रडाची. तुमी वाशीला धाडली, तिथं कामाला लागली. कालेजचीच नोकरी ना ती?"  तिने मला बोंबील बांधून दिले. मी घेतले. त्यापेक्षा फेकून मारले असते तर बरं वाटलं असतं.

तसेच बोंबील घेऊन वाशीला. डेपोसमोर, वरचा मजला, खरं आधार केंद्र, आणि दारात टोकन वाटत वैष्णवी. केवढा आवाज! "आजी, तुमी बसा! काका, झेरॉक्स खालून काढा!" मी रांग मोडून पुढे घुसले. म्हटलं, "वैष्णवी, माझी चूक झाली. परत ये. मी स्वतः शिकवते, रोज, मराठीतून!"

"परीक्षेचा फॉर्म भराची तारीख गेली, मॅडम."

"मग पुढच्या वर्षी!"

लहान पोराला बघून हसतात तशी ती हसली. "त्या दिशी मी हितं रांगेत उभी ऱ्हायली. नंबर आला तवा समजला, ह्यो दुसरा आधार. मंग हितंच रडाया लागली. साहेबांनी पानी दिलं, म्हनले, टोकन वाटशील का? कालेजात मना काय समजत नव्हता, मॅडम. हितं समदी मनाच इचारतात."

घाला वाद! घालून दाखवा! पहिल्या वर्षाची मुलं शिक्षण का सोडतात, या विषयात माझी पदवी आहे, आणि मी बोंबलांची पुडी या हातातून त्या हातात करत उभी.

तीच म्हणाली, "तुमचा हाय का?"

"काय?"

"आधार."

नव्हता. कल्पेश तर रोज मागे लागलेला. तिने मला टोकन दिलं, बसवलं, नंबर आल्यावर माझ्या बोटाला लागलेला बोंबलांचा चुरा स्वतःच्या ओढणीने पुसला आणि बोट यंत्रावर दाबून धरलं. "घाबरू नका मॅडम, मी हाय."

तर बोर्ड अजून आहे. सर अजून खूश आहेत. नापासवाल्यांची फरशी अजून चकचकीत आहे. आणि तुम्हाला सांगते, आमच्या त्या अख्ख्या केंद्रामुळे कुणाला आधार मिळाला असेल, तर तो फक्त मला.

पोस्टाने घरी आला. नाव चुकलंय.