आला काय गो?

गाव माजा राजापुराकडला, खाडीच्या काठावरचा, नाव घेऊन काय करणार ताई, तुमाला ठावूक नसणार. आमच्या वाडीत घरटी एक पुरुष परदेशात, कोण कुवेतला, कोण मस्कतला, घरात बायका आणि म्हातारी माणसं. बावा माजे गलबतावर खलाशी व्हते, ते एकदा रेडिओ घेऊन आले, आणि मी बारा वरसांचा असताना तो खोलला. खोलला तो खोलला, बंद करायला येईना. बावांनी असा हाणला मला की आजून कान गरम होतो. पण आठ दिवसांनी तो रेडिओ बोलला, आणि बावा आईला म्हणाले ह्याला दर्यावर नको धाडू, ह्याचे हात सुके र्‍हायले पायजेत.

मग डिशचा जमाना आला. आता तुमच्या बाल्कनीत लावतोय ही थाळी एवढीशी हाय, तेव्हा जाळीची छत्री असायची, चार माणसांनी उचलायची. वाडीत पहिली छत्री मीच लावली, आमच्याच घरावर. नुकतं लगीन झालेलं. मी कौलांवर, आणि जैबुन, माजी बायको, खाली टीव्हीसमोर. मी छत्री इंचभर फिरवायचो आणि वरून वरडायचो, आला काय गो? ती खालून वरडायची, नाय आला. परत फिरवायचो, आला काय गो? नाय. असं करत करत दुपार झाली, शेजारपाजारच्या बायका हसायला लागल्या, आणि मग एकदम ती अशी किंचाळली, आला आला आला, हलू नका तिथून! मी कौलांवर बसून र्‍हायलो, हलायचं नाय म्हणून. ह्या धंद्यात दोन माणसं लागतात ताई, एक छत्रीपाशी, एक टीव्हीपाशी. एकट्याचं काम नाय ते.

बाहरीनला आलो त्याला बावीस वरसं झाली. दोन वरसांनी दोन महिने सुट्टी, बाकी मुहर्रकला खोली, सहा जण, आता चार. मुलगी एक, नाझनीन, तिचं लगीन पण झालं, चिपळूणला दिली. तिचं बालपण मी फोटोत बघितलं. काय सांगू तुमाला, रडायचं असतं तर पहिल्या वरसालाच रडून घेतलं असतं, मग सवय झाली. सवय वाईट गोष्ट हाय. दुखत नाय म्हणून माणूस बघत नाय, किती कापलं ते.

इथं डिश लावायच्या कंपनीत आधी जोडीदार व्हता, केरळचा, तो टीव्हीपाशी उभा र्‍हायचा. मग काम कमी झालं, लोकांनी इंटरनेटचे डबे घेतले, जोडीदार घरी गेला, आणि मला मीटर दिला. छोटासा मीटर, डिशच्या वायरला लावायचा, सिग्नल सापडला की पीप पीप करतो, जवळ आलात की जोरात करतो. खलास. दुसरा माणूस लागतच नाय. पहिल्या दिवशी मी ईसा टाऊनला एका घराच्या बाल्कनीत मीटर लावला, दहा मिनटांत काम झालं, कोणाशी एक शब्द बोलावा लागला नाय. खाली गाडीत येऊन बसलो, डबा उघडला आणि तसाच बंद केला. खोटं नाय सांगत.

तेव्हा मी ते सुरू केलं. जैबुनला व्हिडिओ कॉल लावायचा, फोन टीव्हीच्या समोर उभा करायचा, कानात ते बिनवायरचं यंत्र घालायचं, आणि डिशपाशी जाऊन म्हणायचं, आला काय गो? ती तिकडं कोकणात विळीसमोर बसून, मासे साफ करत, माज्या गिर्‍हाईकाचा टीव्ही बघायची आणि सांगायची, नाय आला, नाय आला, हां आला. मी तिला मीटरचं बोललोच नाय. म्हटलं, जोडीदार गेला, तूच आता माजी जोडीदार, तुज्याबिगर हे काम व्हायचं नाय. तिला केवढं बरं वाटलं! शेजारणींना सांगायची, मी नवर्‍याला कामात मदत करते, इथून. दिवसाला दोन कामं, तीन कामं, तेवढ्या वेळा तिचा आवाज कानात. नायतर सांगा, बावीस वरसांनी नवरा-बायको फोनवर काय बोलणार? जेवलीस काय, जेवलात काय, शुगरची गोळी घेतलीस काय. संपलं. ह्या कामात बोलायला विषय व्हता.

मीटर माज्या हातातच असायचा. मी आधी पीप पीप करून डिश लावून घ्यायचो, आणि मग तिला विचारायचो. लबाडी म्हणा. दोन वरसं केली.

आता ह्या थंडीतली गोष्ट. तुमाला माहीत हाय, थंडी पडली की हे लोक सखीरच्या वाळवंटात तंबू टाकतात, जनरेटर लावतात, महिने-महिने र्‍हातात. बू यूसुफ म्हणून एक म्हातारा अरबी हाय, भला माणूस, हिंदी बोलतो आपल्यासारखी. त्यानं अमेरिकेतून आलेली जुनी कॅरावान घेतली. कॅरावान म्हणजे चाकांवरचं घर, आत पलंग, फ्रिज, मोरी, सगळं. मला म्हणतो, उस्ताद, शुक्रवारी पोरं येणार, फुटबॉल बघायची, टीव्ही मफी, म्हणजे नाय, तू लावून दे. मी म्हटलं एक तासाचं काम, यल्ला, चला.

एक तास! सकाळी नवाला गेलो. डिश लावायला मला होकायंत्र लागत नाय, किब्ला, नमाजाची दिशा, कुठं ते विचारायचं आणि त्याच्या थोडं डावीकडं तोंड करायचं, अरबी चॅनलचा सॅटेलाईट तिथंच. गाडीच्या बाहेर पाच पावलांवर पायपावर डिश उभी केली. गाडीच्या अंगाला बाहेरून एक झाकण, त्यात वायर लावायची जागा, त्यावर केबल असं लिवलेलं. म्हटलं वायर इथं लावली की भिंतीतून जाईल टीव्हीला. लावली. फोन टीव्हीसमोर ठेवला, जैबुन आली, कशी हायस, बरी हाय, मी बाहेर गेलो. मीटर बोलला. आला काय गो? आला, म्हणाली, साफ आला. शाबास म्हटलं, फोन बंद केला, हत्यारं गोळा केली, आत गेलो. टीव्हीवर निळा पडदा. सिग्नल नाय.

आता तुमी सांगा, तुमी काय समजाल? बाहेर सिग्नल पोचलाय, बायकोनं चित्र डोळ्यांनी बघितलंय, आणि मी आत येईतो गेलं. म्हणजे वायर कुठंतरी ढिली. येतंय-जातंय. ढिला सांधा हुडकायचा. मी सगळ्या पिना कापून नव्या बसवल्या. परत तिला लावलं. आला काय गो? आला. आत गेलो, निळा. टीव्हीमागची वायर बदलली, पाठीवर झोपून, नाकात वाळू. बू यूसुफनं चहा आणला, खजूर आणले, ते जास्त लागलं मला. बावीस वरसं माज्या हातानं लावलेलं कधी परत आलं नाय, आणि ह्या चाकाच्या खोक्यानं माजी इज्जत काढली.

तिसर्‍या वेळी मी फोन बंदच केला नाय. मीटर बोलला, मी विचारलं, ती म्हणाली आला, आणि मी तसाच पळत आत गेलो, गेला तर कसा जातो ते बघायला. ती कानात बोलत व्हती, आलाय, छान आलाय. आणि मी टीव्हीसमोर उभा. निळा पडदा. फोन त्याच्या समोर सरळ, कसली आडकाठी नाय. मी म्हटलं, काय दिसतंय गो? म्हणाली, बातम्या लागल्यात, एक माणूस बोलतोय.

मी फोन हातात घेतला, तोंड तिच्यासमोर आणलं, आणि हात वर केला. म्हटलं जैबुन, किती बोटं? ती हसली. म्हणाली, हे काय पोरासारखं? मी म्हटलं किती बोटं सांग. म्हणाली, तुमी जेवलात काय?

नाझनीनला फोन केला तेव्हा सगळं बाहेर आलं. शुगरनं डोळ्यातला पडदा खाल्लाय. दीड वरस झालं. उजेड कळतो, माणूस दारात उभं र्‍हायलं तर सावली कळते, बाकी धुकं. डॉक्टर म्हणाला गेलं ते परत नाय यायचं, र्‍हायलंय ते सांभाळा. आणि पोरीला आईनं शपथ घातलेली, बावांना सांगशील तर माजं मेलेलं तोंड बघशील. मी पोरीवर वरडलो. ती म्हणाली, बावा, अम्मी म्हणायची, डोळे गेले कळलं तर ते मला कामाला कशाला लावतील, दिवसातून तीन वेळा फोन येतो तो पण जाईल.

मग मी जैबुनला परत फोन लावला, विचारलं, दीड वरस तू आला म्हणतेस ते बरोबर कसं निघायचं? एक दिवस चुकली नायस. म्हणाली, तुमच्याकडं ते पीप पीप करतं ना, ते जोरात वाजलं की मी म्हणायचे आला. मी म्हटलं तुला माहीत व्हतं? म्हणाली, पहिल्या दिवसापासनं माहीत व्हतं, ते यंत्र सांगतं आणि तुमी मला विचारता. मला वाटलं, विचारतात ना, विचारू दे.

बसलो मी त्या कॅरावानच्या पायरीवर. समोर वाळू, लांब तेलाचे पाईप, वारा. माणूस म्हणून एवढा एकटा मी कधी नव्हतो, आणि गंमत बगा, बायको तर कानातच व्हती.

बू यूसुफनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. म्हणाला, उस्ताद, टीव्ही र्‍हावू दे, तू घरी जा. मी म्हटलं नाय अरबाब, आता कळलं मला कुठं चुकलं, हे पुरं करतो. कारण तिचं बोलणं बाजूला काढलं तर सगळं सरळ व्हतं. चित्र येऊन जातच नव्हतं, ते आलंच नव्हतं. म्हणजे सांधा ढिला नाय, वाटच चुकीची. मग मी वायरीच्या एका टोकाला आतली तार आणि बाहेरची जाळी आपसात जोडायचो आणि दुसर्‍या टोकाला बॅटरी-बल्ब लावून बघायचो, कुठली वायर कुठं जाते. एकेकीला रंगीत पट्टी. ते केबल लिवलेलं भोक अमेरिकेतल्या मुक्कामाच्या जागेसाठी, तिथं खांबावरून केबल मिळते म्हणे. ती वायर कपाटातल्या एका पट्टीत जाते, तिथं बारीक बटण, हिरवा दिवा. बटण चालू तर टपावरच्या जुन्या अँटेनाला करंट, आणि बाकीच्यांना वाट बंद. बटण बंद करून पण उपयोग नाय, कारण पुढं एकाच्या दोन वायरी करणारा फाटा, त्यातून डिशला लागणारा करंट परत जातच नाय. डिशसाठी वेगळं भोक व्हतं, गाडीच्या मागल्या अंगाला, धुळीनं बुजलेलं. त्याची वायर फ्रिजच्या मागं येऊन नुसती गुंडाळून ठेवलेली, कशालाच जोडलेली नाय. एवढी वरसं. ती सोडवली, टीव्हीच्या डब्याला जोडली, आणि दुपारच्या असरच्या नमाजाच्या आत चित्र आलं. आलं तेव्हा मी कोणाला विचारलं नाय.

कंपनीला राजीनामा दिलाय. ते म्हणाले सीझन संपेतो थांब, तंबू उठले की जा. तंबू उठले. पुढच्या महिन्यात जातो, इंशाल्ला, कायमचा. तोवर रोज फोन करतो, काम असो नसो. मीटर लपवत नाय आता. ती म्हणते आज किती वेळा वाजला, मी सांगतो.

परवा मी तिला विचारलं, मला शेवटचं साफ कधी बघितलंस? म्हणाली, नाझनीनच्या लगनात, तुमी निळा शर्ट घातलेला, दाढी काळीभोर. ताई, तुमी बघताय ना ही दाढी? त्या सुट्टीनंतर सगळी पांढरी झाली. पुढले दोन दात पडले. मी तिला सांगितलं नाय. म्हटलं तिच्या डोळ्यांत मी तसाच र्‍हातो तर र्‍हावू दे, तेवढा तरी फायदा.

चला, तुमचा टीव्ही लागला, चहा पण झाला. तुमचे साहेब येतील आता ऑफिसातनं. एक सांगू, मोठा म्हणून? दोघं एका घरात हायत ना, मग कधी मुद्दाम एकमेकांच्या तोंडाकडं बगत जावा. अल्ला तुमाला एका छपराखाली ठेवो. माजं काय, जैबुन म्हणते एस्टी स्टँडवर मी येते घ्यायला. मी म्हटलं गर्दीत मला वळखशील कशी? म्हणाली, तुमी नुसतं बोला. आता बावीस वरसं फोनवर बोललेला माणूस मी, समोर उभं र्‍हावून पहिला शब्द काय बोलायचा तेच सुचत नाय बगा.