बारावं नाव

तुम्ही विमानाचं काढलंत म्हणून आठवलं. मी तापीवर होडी चालवायचो. धरणगावचे फुलचंदशेठ कापसाच्या कामाने परदेशी जायचे, कधी बोटीने, कधी विमानाने. एकदा चोपड्याकडे जाताना होडीत म्हणाले, “भाऊ, विमानाच्या तिकिटावर सरकार कर लावतं. लावू दे, पण तिकिटावर माझं नाव तरी असतं. बोटीवर तर पहिल्याच दिवशी बुडताना तरंगायचे पट्टे बांधून उभं करतात, नावं वाचतात. तुझी होडी बुडाली, तर आत कोण होतं हे कोण सांगणार?”

मला लिहिता येत नव्हतं. मग मी बायकोला काठावर उभं केलं. जो चढेल त्याचं नाव ती पाठ करायची. लोक चेष्टा करायचे, “अक्का, मनं नाव इसरू नको, घर म्हैस शे!” म्हणजे घरी म्हैस आहे, तिला कोण बघणार?

श्रावणात एकदा अकरा उतारू घेऊन निघालो आणि पुरात वल्हं मोडलं. होडी दोन कोस वाहत जाऊन बाभळीला अडकली. सगळे वाचले. चालत परतलो, तर काठावर अकराही घरची माणसं जमलेली. तिने एकही नाव चुकवलं नव्हतं.

चौकशीला आलेले फौजदार मात्र वैतागले होते. “होडीवाला कोण, तीनदा विचारलं. ही नुसती रडते आणि म्हणते, ‘घरचे’!”

नवऱ्याचं नाव ती कसं घेणार?

पूर ओसरल्यावर होडी पुन्हा सुरू केली, तेव्हापासून ती सोडताना माझं नाव मीच ओरडून सांगायचो. बायकोने ते कधी उच्चारलं नाही. पण होडी परत लागेपर्यंत काठावरून हलायची नाही.